पाव इंची मास्टर ते नवी एलपी: प्रॉग रॉक बँडचा पहिला अल्बम पुन्हा काढताना

जुना अल्बम पुन्हा काढायचा म्हटलं की आधी ठरवावं लागतं की 'अल्बम' म्हणजे नेमकी कोणती वस्तू. आमच्याकडे आलेल्या खोक्यांत तीन प्रकारची रिळं होती: दोन इंची, सोळा ट्रॅकच्या (वाद्यं आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या) मूळ टेप, त्यांच्या मिक्समधून, म्हणजे सगळे ट्रॅक दोन चॅनेलमध्ये एकत्र करून, जुळवलेली पाव इंची स्टिरिओ मास्टर, आणि त्या मास्टरवरून एलपी कापण्यासाठी काढलेली कॉपी. बँडचा ओढा सोळा ट्रॅककडे होता. एकेक वाद्य सुटं ऐकायला मिळतं, नवा मिक्स करता येतो, मोह होतोच. आमचं मत मात्र पहिल्यापासून ठाम होतं: अल्बम म्हणजे ती पाव इंची मास्टर. सोळा ट्रॅक हा कच्चा माल.

याचं कारण या संगीताच्या घडणीतच आहे. प्रॉग रॉक म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, आणि हा अल्बम १९७०च्या दशकाच्या मध्यावर ध्वनिमुद्रित झाला. सोळा ट्रॅकचं मशीन सेकंदाला तीस इंच या वेगाने चालवलेलं. अडीच हजार फुटांचं रीळ या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. दुसऱ्या बाजूची रचना सलग एकवीस मिनिटांची, म्हणजे ती एका रिळावर मावणंच शक्य नव्हतं. शिवाय ७/८ तालातून ५/४ मध्ये आणि तिथून पुन्हा ४/४ मध्ये जाणारी एवढी लांब रचना एका दमात बिनचूक वाजवणं कुठल्याही नव्या बँडला जड जाणार. म्हणून तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा वेगळा वाजवला, वेगळा मिक्स केला आणि तयार मिक्सच्या पाव इंची टेप ब्लेडने कापून एकमेकांना जोडल्या. ती सलग रचना अखंड रूपात फक्त स्टिरिओ मास्टरवर अस्तित्वात आहे, सोळा ट्रॅकच्या टेपांवर नाही.

कटिंग कॉपी आम्ही लगेच बाजूला ठेवली. एलपीवर आवाज मावावा म्हणून तिच्यात खालचे स्वर आधीच छाटलेले असतात, आवाजाची शिखरं दाबणारा लिमिटर लावलेला असतो, वरच्या पट्टीची धार बोथट केलेली असते. शिवाय ती एक पिढी पुढची. कित्येक जुन्या अल्बमच्या सीडी मंद, कोंदट वाजतात त्यामागे बरेचदा हेच कारण असतं: कपाटातून जी टेप आधी हाताला लागली, ती कटिंग कॉपी निघाली.

टेप मशीनवर चढवण्याआधी ती कशाची आहे हे पाहणं ही पहिली पायरी. रीळ दिव्यासमोर आडवं धरलं आणि गुंडाळीतून प्रकाश आरपार आला तर टेप अ‍ॅसिटेटची. आला नाही तर पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट वाळून ठिसूळ होते, कधी तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि ती कधीही भाजायची (मंद उष्णतेने सुकवायची) नाही. दुसरी खूण मागच्या बाजूची. पाठ काळी, मळकट, खरखरीत असेल तर तिच्यावर बॅककोटिंग आहे. १९७०च्या दशकापासून निघालेल्या अशा अनेक टेपांमध्ये चुंबकीय पावडर धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं बाइंडर हवेतला ओलावा शोषतं आणि चिकट होतं. अशी टेप तशीच वाजवली तर हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल साठतो, मशीन किंचाळल्यासारखा आवाज करतं आणि त्या चिखलाबरोबर संगीतही निघून येतं. म्हणून संशय असेल तर 'थोडंसं वाजवून बघू' हा मोह टाळायचा.

आमच्या सोळा ट्रॅकच्या टेप या जातीच्या होत्या, त्यामुळे त्या भाजाव्या लागल्या. तापमान ५४ अंश सेल्सियसच्या आसपास आणि स्थिर हवं, हवा खेळती हवी. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी चालत नाही. त्याचं तापमान दहा-पंधरा अंशांनी वरखाली होतं, आणि गॅसचा असेल तर जळताना उलट वाफच सोडतो. पाव इंची टेपला साधारण आठ तास लागतात, दोन इंचीला बरेच जास्त, कारण ओलावा रुंद गुंडाळीच्या पोटातून बाहेर यायचा असतो. मधूनमधून रीळ उलटायचं. बाहेर काढल्यावर जितका वेळ भाजली जवळपास तितकाच वेळ ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गरम टेप ताणली जाते. हा उपाय कायमचा नाही. काही आठवड्यांत बाइंडर पुन्हा ओलावा धरतो, म्हणून मशीन, कन्व्हर्टर, साठवण असं सगळं सज्ज झाल्याशिवाय भाजायला घ्यायचंच नाही.

स्टिरिओ मास्टरची पाठ गुळगुळीत होती, बॅककोटिंग नव्हतं, चिकटपणाही नव्हता. तिला भाजायची गरजच नव्हती. तिचं दुखणं सांध्यांचं. जोडपट्टीचा गोंद काही ठिकाणी वाळून सुटला होता, काही ठिकाणी कडेने झिरपून शेजारच्या थराला चिकटला होता. असं रीळ वेगाने फिरवलं तर सांधा तुटतो किंवा चिकटलेल्या जागी पावडर उपटली जाते. म्हणून मशीनचं जलद गुंडाळणं बंद ठेवून ते हाताने, सावकाश उलगडलं. प्रत्येक सांध्यावरची जुनी पट्टी काढली, अल्कोहोलच्या जेमतेम ओल्या बोळ्याने पाठीवरचा गोंद पुसला आणि नवी पट्टी लावली. पट्टी टेपपेक्षा किंचित अरुंद, ७/३२ इंचाची घ्यायची, म्हणजे कडेला गोंद उघडा राहत नाही. जुना काप मात्र तसाच ठेवायचा. कडा खराब दिसते म्हणून अर्धा मिलिमीटरही नव्याने छाटायचा नाही, कारण ती कडा म्हणजे त्या दिवशीचा निर्णय.

हे सांधे बारकाईने पाहण्यासारखे असतात. काप सरळ नसतो, तिरका असतो. ४५ अंशांत कापलेली पाव इंची टेप सेकंदाला पंधरा इंचांनी हेडवरून जाते तेव्हा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बदल व्हायला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक चॅनेल आधी नव्या तुकड्यात शिरतं आणि दुसरं अंमळ मागाहून. कानाला दोन वेगळे बदल कळत नाहीत. आवाज एका बाजूकडून सरकत आल्यासारखा वाटतो. या अल्बममध्ये मेलोट्रॉनच्या (कळ दाबली की टेपवरचा सूर वाजवणाऱ्या वाद्याच्या) लांब सुरावरून ड्रमच्या फटक्यावर उडी आहे, तिथला झोका या तिरक्या कापातून आला आहे. संगणकावर दोन्ही चॅनेल एकाच क्षणी कापली तर तीच उडी ठोकळेबाज वाटते. म्हणून आम्ही प्रत्येक सांध्याचा कोन मोजला, त्यावरून डाव्या-उजव्या चॅनेलमधलं अंतर काढलं आणि ते लिहून ठेवलं. नव्या मिक्सच्या वेळी हीच यादी सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

आता हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ. पंधरा इंच वेगाला १० किलोहर्ट्झची तरंगलांबी टेपवर ०.०३८ मिलिमीटर भरते. हेड केसभर कललं तरी दोन चॅनेलची वेळ चुकते आणि वरचे स्वर विरतात. साधारणपणे रिळाच्या सुरुवातीला तपासणीचे सूर असतात, त्यांच्यावर कोन आणि पातळी जुळवायची आणि टेप सोडून द्यायची. इथे पहिल्या रिळावर सूर होते, दुसऱ्यावर नव्हते. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे दुसऱ्या बाजूचे तुकडे वेगवेगळ्या वेळी, उघडच वेगवेगळ्या मशीनवर मिक्स झाले होते, त्यामुळे सांधा बदलला की अ‍ॅझिमथही बदलत होता. एकाच कोनावर पूर्ण बाजू उतरवली असती तर पहिला तुकडा लख्ख आणि तिसरा धुकट आला असता. म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्र उतरवला. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐकायचं, झांजांवर लक्ष ठेवायचं आणि वरची पट्टी सगळ्यात उघडी वाजते तिथे स्क्रू थांबवायचा. मग सगळे तुकडे संगणकावर मूळ सांध्यांप्रमाणे जोडले.

ही अडचण किती लांब सावली टाकू शकते याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे किंग क्रिमसन या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'. तो १९६९ साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाला. मिक्स उतरवताना स्टिरिओ मशीनचं रेकॉर्डिंग हेड नीट जुळलेलं नव्हतं, वरचे स्वर गेले आणि आवाज फाटला. दुरुस्तीच्या प्रयत्नातून कॉप्या निघाल्या आणि पुढे कित्येक वर्षं पुनर्प्रकाशनं त्या कॉप्यांवरून होत राहिली. मूळ स्टिरिओ मास्टर या शतकाच्या सुरुवातीला सापडली. पुढे २००९ साली बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी मल्टिट्रॅकवरून नवा मिक्स केला. हा इतिहास ठाऊक असला की गोदामातल्या प्रत्येक खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायची चिकाटी आपोआप येते.

डॉल्बी ए, म्हणजे टेपची सरसर कमी करणारी यंत्रणा, हा पुढचा टप्पा. खोक्यावर तशी खूण होती, टेपवर डॉल्बीचा डोलणारा सूरही होता. डॉल्बी ए आवाजाचे चार पट्टे करून हळू भाग टेपवर मोठा लिहितं आणि वाजवताना तेवढाच खाली आणतं; टेपची सरसर दहा-एक डेसिबलने कमी होते. पण वाजवताना पातळी अचूक हवी. ती दोन डेसिबलने कमी राहिली तर डीकोडर हळू भाग जास्तच दाबतो आणि बासरी, अकूस्टिक गिटार, पियानोचा विरता सूर बुरसटल्यासारखे होतात. मोठ्या आवाजाचे भाग ठीकच वाजतात, म्हणून ही चूक सहज निसटते. तपासायची ती सगळ्यात हळू जागी.

वेग तपासण्यासाठी प्रॉग रॉकच्या टेपवर एक सोय आपोआप मिळते: हॅमंड ऑर्गन. जुन्या टोनव्हील हॅमंडची चाकं विजेच्या वारंवारतेला बांधलेल्या मोटरवर फिरतात, त्यामुळे वीज ठीक असेल तर त्याचा 'ए' ४४० हर्ट्झच असतो, तो सुरात लावावा लागत नाही. लेस्ली स्पीकर फिरत असला तर सूर डोलतो, म्हणून तो थांबलेला असेल असा लांब स्वर शोधायचा. मेलोट्रॉनवर यासाठी भरवसा ठेवता येत नाही. एम ४०० या मॉडेलच्या ३५ कळांपैकी प्रत्येकीखाली सुमारे आठ सेकंदांची टेपची पट्टी असते, आणि बऱ्याच कळा एकदम दाबल्या की मोटरवर भार येऊन सूर खाली बसू शकतो. ती थरथर त्या वाद्याचा स्वभाव आहे. ती 'सुधारण्याची' सूचना आली, आम्ही साफ नकार दिला.

सगळं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला उतरवलं. सोळा ट्रॅकच्या एका पूर्ण रिळाची फाइल साधारण ४.६ गिगाबाइट भरते. दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी होऊन तपासल्याशिवाय पुढचं रीळ भाजायला घ्यायचं नाही, एवढी शिस्त पुरते.

मग नवा मिक्स. तो करायचाच नाही असं नव्हतं, पण तो जोडीला द्यायचा, मूळच्या जागी नाही. सोळा ट्रॅक पुरत नसल्यामुळे आवाजांचे थर दोन ट्रॅकवर एकत्र करून जुने ट्रॅक पुसले जात. एका भागाची एकत्र करण्याआधीची टेप मिळाली. ती आणि नंतरची टेप संगणकावर जुळवल्यावर सुटे आवाज हाती आले. दोन्ही टेपांचा वेग तंतोतंत सारखा नसतो, मिनिटाभरात काही मिलिसेकंदांची फारकत होते, म्हणून दर काही तालांनी स्नेअरचा फटका फटक्यावर बसवत जावं लागतं.

खरी अडचण मिक्सच्या वेळीच घडलेल्या गोष्टींची. प्लेट रिव्हर्ब, म्हणजे पोलादी पत्रा थरथरवून मिळवलेला घुमारा, सोळा ट्रॅकवर कुठेही नव्हता. तो मिक्स होतानाच मिसळला होता. दोन मशीन थोड्या वेगळ्या वेगाने चालवून केलेलं फ्लॅंजिंग पुन्हा तसंच करणं अशक्य, कारण बोट रिळाच्या कडेवर किती दाबलं याची नोंद कुणी ठेवत नाही. शेवटच्या भागातली घंटा तर थेट स्टिरिओवरच वाजवलेली निघाली. अशा जागी आम्ही मूळ मास्टरमधला तुकडाच नव्या मिक्समध्ये घेतला आणि माहितीपत्रकात तसं नमूद केलं. नव्या मिक्सला नवा आयएसआरसी कोडही, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांकही, लागतो. तो न घेतल्यास दोन्ही रूपं एकाच नोंदीखाली मिसळतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण नेमकं काय ऐकतोय.

साफसफाईत हात आखडताच ठेवला. सांध्यावरची टिचकी, क्षणभर आवाज गळालेली जागा, विजेची गुणगुण एवढं काढलं. ड्रमरच्या स्टुलाची करकर, गायकाचा श्वास, मेलोट्रॉनची सरसर ठेवली. मेलोट्रॉनच्या पट्ट्यांवर मूळ ध्वनिमुद्रणाचीच सरसर असते. ती काढणारं सॉफ्टवेअर तंतुवाद्यांच्या कडाही घेऊन जातं. टेपच्या एका थराचा ठसा शेजारच्या थरावर उमटून मोठ्या भागाच्या सेकंदभर आधी त्याची पुसट चाहूल लागते, ती दोन ठिकाणी होती. वाजवण्याआधी टेप काही वेळा सावकाश पुढे-मागे गुंडाळली की हा ठसा फिका होतो. उरलेला तसाच सोडला. मास्टरिंगमध्येही लिमिटरने आवाज फुगवला नाही. एकट्या बासरीपासून सगळा बँड तुटून पडेपर्यंतचा चढ हाच या रचनेचा कणा आहे. बासरी आणि बँड एकाच उंचीवर आणले तर एकवीस मिनिटं ऐकायला कारणच उरत नाही.

एलपीची गोष्ट वेगळी, तिथे भूमिती आडवी येते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणजे त्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. आणि प्रॉग रॉकची रचना नेमकी शेवटाला सगळ्यात मोठी होते: ऑर्गन, मेलोट्रॉन, झांजा, कोरस. पर्याय दोन होते. ४५ फेऱ्यांवर दोन तबकड्या केल्या असत्या तर आवाज उघडला असता, पण बाजू बारा-पंधरा मिनिटांची होते आणि रचना मध्येच तोडावी लागली असती. ते नको म्हणून एकच तबकडी ठेवली, पूर्ण दुसरी बाजू दोन डेसिबल हळू कापायला सांगितली, खालचे स्वर मध्यावर (दोन्ही चॅनेलमध्ये सारखे) आणले आणि झांजांची सर्वात वरची धार फक्त शेवटच्या भागात किंचित मऊ केली. तबकडीच्या एका फेरीला १.८ सेकंद लागतात. पुढे येणारा आवाज कटिंग मशीनला आधी कळला की हळू भागात खाचा जवळ ओढून ते शेवटासाठी जागा वाचवू शकतं. अनुभवी कटिंग इंजिनियर इथे सोन्याचा. त्याला नुसती फाइल पाठवू नये. कुठला भाग मोठा, कुठे 'स' टोचतो, हे मिनिट-सेकंदांसह लिहून द्यावं.

एलपीची खाच आधी लॅकरवर कापतात; लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. लॅकर बनवणारा अमेरिकेतला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२०मध्ये जळाल्यापासून लॅकरचा पुरवठा जपानच्या एमडीसीवर येऊन ठेपला, त्यामुळे कटिंगची तारीख लवकर धरावी लागते. कापलेलं लॅकर मऊ असतं, ते वाजवून पाहायचं नाही आणि लवकरात लवकर धातूचा मुलामा द्यायला पाठवायचं. ठेवून दिलं तर खाचेच्या भिंती हलतात आणि शेजारच्या फेरीची चाहूल आत शिरते. त्यावर चांदी फवारतात, मग निकेल चढवून फादर हा उलटा साचा, फादरवरून मदर, मदरवरून तबकड्या दाबणारा स्टँपर. एका स्टँपरवर साधारण हजारभर तबकड्या निघतात. म्हणून मदर जपायची, पुढचे स्टँपर तिच्यातून येतात.

चाचणी प्रती आल्या की एकच ऐकून शिक्का मारू नये. चार-पाच प्रती एकाच जागी ऐकायच्या. टिचकी सगळ्यांत त्याच ठिकाणी असेल तर दोष मदर किंवा स्टँपरमध्ये. एकातच असेल तर दाबतानाचा. कापड फाटल्यासारखी खर्र आवाजाची ओळ एका चॅनेलमध्ये आली तर प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही, म्हणजे उष्णता किंवा वेळ कमी पडला. भोक मध्यापासून सरकलंय का हे शेवटच्या लांब ऑर्गन सुरावर कळतं. आतल्या खाचेची त्रिज्या ६० मिलिमीटर धरली तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने सूर ०.८ टक्क्यांनी वर-खाली होतो, आणि हॅमंडवर तो हमखास ऐकू येतो. आमची पहिली चाचणी याच कारणाने परत गेली. १८० ग्रॅमच्या जड तबकडीचा आग्रह आम्ही धरला नाही. खाच तेवढीच खोल असते, आणि नीट दाबलेली १४० ग्रॅमची तबकडी वाईट दाबलेल्या जड तबकडीपेक्षा केव्हाही बरी.

मुखपृष्ठाच्या मूळ फिल्म नव्हत्या, चित्रही नव्हतं. अशा वेळी छापील कव्हरच स्कॅन करावं लागतं, आणि छपाईच्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसले की जाळीदार लाटा उमटतात. जितक्या चांगल्या प्रती मिळतील तितक्या गोळा करून, न फाटलेले भाग एकमेकांत जोडून, ठिपके मोडेपर्यंत मृदू करून आणि अक्षरं रेषारूपात पुन्हा काढून हे सुटलं. अक्षरं स्कॅनमधून जशीच्या तशी छापू नयेत, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. चित्रकाराचा हक्क ध्वनिमुद्रणाच्या हक्कापेक्षा वेगळा असतो, गीतांचा त्याहून वेगळा. तिन्हींची लेखी संमती छपाईच्या आधी हवी.

काम संपल्यावर टेप पुन्हा खोक्यात जातात, शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेल्या. अशी ठेवली की थराचा ठसा मोठ्या आवाजाच्या आधी न येता नंतर येतो आणि त्यातच झाकला जातो. प्रत्येक खोक्यावर आता लिहिलेलं आहे: कधी भाजली, कुठल्या कोनावर उतरवली, डॉल्बी आहे की नाही, कुठला सांधा नव्या पट्टीचा आहे, आणि कटिंग कॉपीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत, ही मास्टर नव्हे.